कात्री उलटी धरली तरी उजवीच राहते

दरवर्षी १३ ऑगस्टला, म्हणजे जागतिक डावखुरे दिनाला, मोबाइलवर एक ठरलेला संदेश फिरत येतो : डावखुरी माणसे जात्याच अधिक बुद्धिमान आणि कलावंत असतात. यंदा तो आला त्याच सुमारास माझी तिसरीतली मुलगी शाळेतून हिरमुसून घरी आली होती. हस्तकलेच्या तासाला पताकेचा पतंगी कागद कापला न जाता कात्रीच्या दोन पात्यांमध्ये दुमडून अडकत होता आणि ‘अजून हात बसलेला नाही’ असे निदान तिथे झाले होते. धार गेली असावी असे समजून आम्ही कात्रीला धार लावून आणली, तरी कागद दुमडतच राहिला. मी मात्र त्याच कात्रीने तोच कागद सरळ रेषेत कापला. मुलगी डावखुरी आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते, पण कात्रीही उजवी किंवा डावी असते, हे माझ्या ध्यानात यायला आणखी दोन दिवस जावे लागले.

कात्रीची टोके आपल्यापासून दूर ठेवून ती समोर धरली, तर वरच्या बाजूला येणारे पाते बाजारातील बहुतेक कात्र्यांमध्ये उजवीकडे असते आणि खालचे डावीकडे. आता कात्री उलटी करून पाहावी. खालचे पाते वर येते, पण त्याच वेळी ते डावीकडून उजवीकडेही जाते, त्यामुळे वरचे पाते उजवीकडे असण्याची स्थिती कायम राहते. उजव्या पायाची चप्पल कशीही फिरवली तरी ती डाव्या पायाची होत नाही, तसेच हे आहे. कात्रीचे उजवेपण तिच्या मुठीत नसून दोन पात्यांच्या परस्पर मांडणीत आहे आणि ते बदलायचे तर आरशातल्या प्रतिमेसारखी दुसरी कात्रीच घडवावी लागते.

या मांडणीने एवढा फरक का पडावा, याचे उत्तर हाताच्या मिटण्यात आहे. कात्री मिटताना बोटे आणि अंगठा केवळ जवळ येत नाहीत. अंगठा त्याच्या कडीला किंचित तळहातापासून दूर ढकलतो आणि बोटे आपली कडी तळहाताकडे ओढतात. उजव्या हातात याचा अर्थ असा, की अंगठ्याची कडी डावीकडे आणि बोटांची कडी उजवीकडे रेटली जाते. पाती रिव्हेटपाशी, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या खिळ्यापाशी, एकमेकींना छेदून पुढे गेलेली असल्यामुळे रिव्हेटच्या पुढे हे रेटे उलट होतात. अंगठ्याशी जोडलेले खालचे, डावीकडचे पाते उजवीकडे सरकू पाहते, वरचे पाते डावीकडे, आणि दोन्ही पाती एकमेकींवर दाबली जातात. कापणाऱ्याला याची जाणीवही नसते. तीच कात्री डाव्या हातात गेली की अंगठा उजवीकडे ढकलतो, खालचे पाते आणखी डावीकडे जाते आणि पात्यांमध्ये फट पडते.

फट किती, हा इथे खरा प्रश्न आहे. कात्री कापते ती कातर बलाने, म्हणजे जवळजवळ एकाच प्रतलात विरुद्ध दिशांनी येणाऱ्या दोन रेट्यांनी. त्यांच्यामध्ये अंतर पडले की कागदावर कातर बलाबरोबर वाकवणारे बलही येते, आणि मग कागद आधी तुटतो की आधी वाकतो, यावर निकाल ठरतो. वाकण्याला पदार्थाचा होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी झाली, तर हा विरोध एक अष्टमांश उरतो. नेहमीच्या छपाईचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि पतंगी कागद त्याहून पुष्कळ पातळ. म्हणून पुठ्ठा कापताना डावखुऱ्या मुलाला फारसे काही जाणवत नाही, आणि पतंगी कागद, मलमल किंवा पॉलिथिनची पिशवी मात्र फटीत शिरून दुमडते. रिव्हेट घट्ट करून फट बुजवता येते, पण मग कात्री जड चालते. अनेक डावखुरे लहानपणीच अंगठा उलट, तळहाताकडे ओढण्याची सवय स्वतःच लावून घेतात. त्याची किंमत अंगठ्याच्या बुंध्याशी उठणाऱ्या वळाने आणि ठणक्याने चुकती होते. शिवाय उजव्या हातात कापण्याची रेघ डावीकडून स्वच्छ दिसते, तर डाव्या हातात वरचे पातेच ती झाकते.

दुकानात ‘दोन्ही हातांसाठी’ असे छापलेल्या कात्र्या मिळतात. त्यांच्या कड्या दोन्हीकडून सारख्या गोलाकार असतात, म्हणजे बोटांना टोचत नाहीत इतकेच. पाती बहुधा उजवीच असतात. ही सोय नव्हे, वेष्टनावरची जाहिरात आहे. पत्रा कापणाऱ्यांच्या कात्र्यांना लाल आणि हिरव्या मुठी असतात, त्यांचाही हाताशी संबंध नाही. लाल मूठ डावीकडे वळत जाणाऱ्या कापासाठी आणि हिरवी उजवीकडच्या वळणासाठी असते.

सर्वच अवजारे असा भेद करत नाहीत. हातोडी, पक्कड आणि पटाशी यांना हात नसतो. विळीवरही डावखुऱ्याचे फार अडत नाही, कारण तिथे पाते स्थिर असते आणि भाजी दोन्ही हातांनी धरायची असते. स्क्रू-ड्रायव्हर दिसायला तितकाच निःपक्षपाती, पण स्क्रूचे आटे तसे नाहीत. स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळतो. ही हालचाल उजव्या हाताला पालथ्याकडून उताण्याकडे नेणारी असून कोपर वाकलेले असताना तिला दंडाच्या द्विशिर स्नायूचे, म्हणजे बायसेप्सचे, बळ मिळते. डावा हात तोच स्क्रू आवळताना उताण्याकडून पालथ्याकडे जातो आणि त्या हालचालीचे स्नायू तुलनेने दुबळे असतात. जाम झालेला स्क्रू सोडवताना मात्र बाजी उलटते आणि डावखुरा सुतार वरचढ ठरतो.

जगात सुमारे १० टक्के माणसे डावखुरी आहेत, तरी आपल्या भाषेत सरस ते उजवे आणि दुर्लक्ष करणे म्हणजे डावलणे. डाव्या हाताने प्रसाद घेणाऱ्या मुलाच्या हातावर चापटी मारणारी घरे अजून आहेत, आणि डावखुऱ्यांना जन्मजात प्रतिभावंत ठरवणारा तो संदेश याच समजुतीचे उलटे टोक आहे. अशा घाईने काढलेल्या निष्कर्षातून शास्त्रज्ञही सुटलेले नाहीत. १९९१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील मृत्यूंच्या नोंदींवरून डावखुरे सरासरी ६६ व्या आणि उजवे ७५ व्या वर्षी मरण पावतात, असे प्रसिद्ध झाले, आणि उजव्यांच्या सोयीने घडलेल्या अवजारांकडेही त्यासाठी बोट दाखवले गेले. जुन्या पिढीतील डावखुऱ्यांना बालपणीच सक्तीने उजव्या हाताकडे वळवलेले असल्याने वृद्धांमध्ये त्यांची संख्याच कमी दिसत होती, हे स्पष्टीकरण पुढे आल्यावर त्या नऊ वर्षांतला जीव गेला.

मुलीसाठी अखेर खरी डावी कात्री मागवली. टोके पुढे करून धरली असता तिचे वरचे पाते डावीकडे येते. तिने पहिल्याच दिवशी पतंगी कागदाची पताका कापली. मग दुधाची पिशवी फोडायला मी तीच कात्री उजव्या हातात घेतली, तर पिशवीचा कोपरा दोन पात्यांमध्ये गुपचूप दुमडून बसला.