तुटलेला धागा यंत्राला कसा कळला?

हातमागावर विणकराचे पाय खालच्या पट्ट्या दाबतात, एक हात धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारा लाकडी तुकडा, फेकतो, दुसरा तो धागा घट्ट बसवायला फणी ठोकतो. एवढ्या हालचाली यंत्राने लवकर उचलल्या. खरी अडचण होती ती विणकर बोलताबोलता करून जातो त्या कामाची: धागा तुटला की त्याला ते कळते आणि त्याचा हात थांबतो.

१७३३ मध्ये इंग्लंडच्या जॉन केने दोरीच्या हिसक्याने धावणारा धोटा काढला. रुंद कापडाला दोन माणसे लागत, तिथे एक पुरू लागला. माग भरभर चालू लागल्यावर सूत कमी पडू लागले. पुढे जेनी, वॉटर फ्रेम आणि म्यूल या कताईच्या यंत्रांनी ती कसर भरून काढली. १७८५ मध्ये एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचे पेटंट घेतले. हा धर्मगुरू. त्याने तोवर कोणाला विणताना पाहिलेही नव्हते!

पण या मागाला डोळे नव्हते. आडवा धागा, म्हणजे बाणा, तुटला तरी रिकामा धोटा इकडून तिकडे धावतच राही आणि कापडात फट पडे. प्रत्येक मागाजवळ पहारा ठेवायचा, तर यंत्राचा उपयोग काय?

१८४० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या मागांवर यावर उपाय रुळला. तो इतका साधा आहे की मला त्याचे फार कौतुक वाटते. बाण्याच्या वाटेवर एक छोटासा काटा. धागा असला की तो काट्याला ढकलतो आणि काट्याची शेपटी उचलली जाते. धागा नसला की शेपटी खालीच राहते, आकड्यात अडकते आणि माग बंद पडतो. वीज नाही, काही नाही. धागा स्वतःच आपण असल्याची खूण देतो.

ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे कोडे जास्त किचकट, कारण ते हजारोंनी असतात. तिथे प्रत्येक धाग्यावर एक पातळ धातूची पट्टी लटकवली. धागा तुटला की पट्टी पडते आणि माग थांबतो. जपानमध्ये साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या मागात धागा तुटल्यावर थांबण्याची सोय तर होतीच, शिवाय बाणा संपत आला की धोटाही चालू मागावरच बदलला जाई. दोषाची चाहूल लागताच यंत्राने आपणहून थांबायचे, हे तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यांनीही उचलले.

आता धोटाही गेला. हवेच्या झोताने बाणा फेकणारे माग मिनिटाला हजारावर फेऱ्या मारतात आणि बाण्यावर प्रकाशाचे सेन्सर नजर ठेवतात. ताण्याचा धागा तुटला, तर माग क्षणात थांबतो, दिवा लागतो. तुटलेले टोक शोधून, फणीच्या नेमक्या घरातून ओवून गाठ मारायला मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी माणूसच येतो.