इस्ट्रोजेन की प्रोजेस्टेरॉन: गर्भाशयाचं अस्तर नक्की कोण वाढवतं?

सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बायका औषध दुकानात पाळी पुढे ढकलायची गोळी मागतात. ती बहुधा नॉरएथिस्टेरॉनची, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्या जातीची असते. घरी मात्र ती नुसती ‘हार्मोनची गोळी’. पण बीजांडकोशातून मुख्यतः दोन हार्मोन येतात, आणि अस्तरावर त्यांची कामं अगदी वेगळी आहेत.

पाळी संपते तेव्हा अस्तर जेमतेम काही मिलिमीटरचं उरतं. वाढणाऱ्या बीजपुटकातलं, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या पिशवीतलं, इस्ट्रोजेन तिथल्या पेशींना भराभर विभागायला लावतं. शिवाय प्रोजेस्टेरॉनला ओळखणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, तेच तयार करून ठेवतं. ते नसतील तर प्रोजेस्टेरॉनचं काही चालत नाही.

बीज बाहेर पडलं की त्याच पुटकाचा पीतपिंड होतो आणि प्रोजेस्टेरॉन सुटतं. ते ग्रंथींच्या पेशींचं विभाजन थांबवतं, इस्ट्रोजेनचे ग्राही कमी करतं आणि अस्तरातल्या एस्ट्राडायोलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्या जोरकस प्रकाराचं, सौम्य एस्ट्रोनमध्ये रूपांतर करवतं. मग ग्रंथींत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जमतो. खानापूरच्या भातशेतीच्या भाषेत, फुटवे फुटायचे थांबतात आणि दाणे भरू लागतात. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि अस्तर गळतं. गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते ती याच कारणाने.

म्हणून सोनोग्राफीत ‘अस्तर 12 मिमी’ एवढंच वाचून घाबरण्यात अर्थ नाही. पाळीचा कितवा दिवस, हे आधी विचारावं.

खरी अडचण येते ती एकटं इस्ट्रोजेन राहतं तेव्हा. पीसीओएस या हार्मोनच्या बिघाडात बऱ्याचदा बीज सुटत नाही, पीतपिंड होत नाही. पेशी वाढतच राहतात. महिनोन्‌महिने पाळी नाही आणि मग एकदम अतिरक्तस्राव. ‘अंगात उष्णता आहे’ म्हणून हे अंगावर काढणं मला धोक्याचं वाटतं, कारण अशी बेसुमार वाढ पुढे कर्करोगाकडे जाऊ शकते. लठ्ठपणात चरबीतही इस्ट्रोजेन बनतं, अगदी पाळी गेल्यावरसुद्धा. 1970च्या दशकात अमेरिकेत पाळी गेलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं जाई. त्यांच्यात गर्भाशयाचा कर्करोग वाढल्याचं दिसलं. तेव्हापासून गर्भाशय शाबूत असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध देतात.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर नुसता डाग लागला तरी दवाखाना गाठावा. तेव्हा अस्तर 4 मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं, तर सहसा त्याचा तुकडा काढून तपासतात.