हिमस्खलन

डोंगरउतारावर साचलेला बर्फ सुटून वेगाने खाली येणे म्हणजे हिमस्खलन. त्यालाच हिमलोट असेही म्हणतात. विदर्भात बर्फ पडत नाही. आपल्याला ठाऊक आहे ती गारपीट, तीही गहू-हरभरा काढणीला आलेला असताना. पण इथल्या खेड्यांतली मुले सैन्यात जातात, डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठा या डोंगराच्या ट्रेकलाही जातात, आणि बर्फाबद्दल सांगणारे जुने माणूस त्यांच्या घरात नसते.

डोंगरावरचा बर्फ थरावर थर साचतो. थर पातळ आणि थंडी कडाक्याची असेल, तर तळाच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे, भरड दाणे होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यांच्यावर वाऱ्याने दाबलेल्या बर्फाची घट्ट लादी बसते. खळ्यात सांडलेल्या सोयाबीनवर फळी ठेवून तिच्यावर पाय द्यावा, तसा हा प्रकार. एका माणसाच्या वजनानेही खालचा थर खचतो, तडा दूरवर पळतो आणि अख्खी लादी निसटते. अशा अपघातांत बहुतेक वेळा ती लादी सापडलेल्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच सोडवलेली असते. या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

धोका मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. सपाटीवर चालतानाही वर असा उतार असेल, तर लोट खाली पोहोचतोच. वावरात वाफसा आहे की नाही हे शेतकऱ्याला पाय टाकताच कळते; बर्फाच्याही अशा खुणा आहेत. जवळपास नुकताच कोसळलेला लोट, पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज, पावलापासून पळणारी भेग, एक-दोन दिवसांत झालेली जोरदार हिमवृष्टी, वारा किंवा अचानक वाढलेली ऊब. यांतले काहीही दिसले की मागे फिरावे. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची डीजीआरई ही चंडीगडची प्रयोगशाळा हिमालयासाठी हिमस्खलनाचे इशारे देते. ते निघण्यापूर्वी पाहावेत. गावचा वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला, तर पैसे भरले आहेत म्हणून हट्ट धरू नये.

संशयास्पद उतार ओलांडावाच लागला तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवून. प्रत्येकाकडे गाडलेल्या सोबत्याचा संकेत पकडणारे शोधयंत्र (ट्रान्सीव्हर), बर्फात टोचून पाहायची लांब सळई आणि फावडे हवे. एकाकडे असून भागत नाही.

गाडला गेलेला माणूस पहिल्या १५ मिनिटांत निघाला तर वाचण्याची शक्यता बरीच असते. अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने घटते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनला १० जवान गाडले गेले. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचे निधन झाले. तो अपवाद होता. बाहेरून मदत येईपर्यंत वेळ निघून जातो, म्हणून शोध सोबत्यांनीच त्याच क्षणी सुरू करायचा असतो.

लोटात सापडल्यास कडेला सरकण्याची धडपड करावी आणि वेग मंदावताच हात तोंडासमोर आणून श्वासापुरती पोकळी करावी, कारण थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो. खणणाऱ्यांनी सळई लागली तिथेच वरून न खणता उताराच्या खालच्या बाजूने आत शिरावे. बर्फ उपसायला सोपा जातो आणि आतल्या माणसावर भार पडत नाही.