गुळवेलीचा वाद: शहापूरच्या रानापासून औषधाच्या डबीपर्यंत

ठाण्यातील जांभळी नाक्याच्या बाजारात पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डूच्या जुड्यांशेजारी गुळवेलीच्या कांड्याही मांडलेल्या दिसतात. 2021 आणि 2022 मध्ये याच वेलीवरून देशभर वाद झाला. तिच्या सेवनाने यकृताला इजा होते, असे डॉक्टरांच्या एका गटाने म्हटले आणि सरकारी यंत्रणेने ते अमान्य केले. या वादाची पार्श्वभूमी सांगताना बहुतेक जण थेट आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांपासून सुरुवात करतात आणि तेथून एकदम करोनाच्या साथीपर्यंत येतात. मधला भाग, म्हणजे ही वेल रानात कोण ओळखते, कोण तोडते आणि बाजारात येईपर्यंत तिची ओळख कशी पुसली जाते, हा त्यात सुटतो. ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने तोच भाग अधिक महत्त्वाचा आहे.

प्राचीन काळाविषयी थोडक्यात सांगता येईल. चरकसंहितेत ज्या चार मेध्य (बुद्धिवर्धक) रसायनांचा उल्लेख येतो त्यांत गुडूचीचा, म्हणजे गुळवेलीचा, स्वरस (ताजा रस) आहे. जीर्णज्वर (जुना ताप), वातरक्त (सांध्यांचा एक विकार), प्रमेह (मधुमेहासारखा विकार) आणि कामला या विकारांत तिचा उपयोग परंपरेने सांगितला जातो. कामला म्हणजे काविळ, हे येथेच लक्षात ठेवलेले बरे, कारण पुढच्या वादात जे रुग्ण नोंदले गेले त्यांपैकी अनेकांना काविळच झाली होती. घरगुती उपयोग साधे होते. ताप उतरल्यानंतरची कडकी जावी म्हणून काढा दिला जाई, आणि ओली कांडी कुटून पाण्यात चोळली, ते पाणी निवळू दिले व तळाशी बसलेला पांढरा साका वाळवला की गुळवेल सत्त्व तयार होई. कडुलिंबावर चढलेली वेल अधिक गुणकारी, हा समजही जुनाच आहे.

शहापूर, मुरबाड आणि पूर्वीच्या अखंड ठाणे जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात वनौषधींची सर्वाधिक माहिती ठेवणाऱ्यांपैकी एक समाज कातकऱ्यांचा. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्यांचा मूळ व्यवसाय मानला जातो आणि समाजाचे नावही त्यावरूनच पडल्याचे सांगतात. एकोणिसाव्या शतकात राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या, 1878 च्या वन कायद्याने त्यांना आधार दिला, आणि लाकूडफाट्यावर चालणाऱ्या अशा व्यवसायांची जागा आक्रसत गेली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 मध्ये सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्या तक्रारींत भाताच्या रोपांसाठी केल्या जाणाऱ्या राबाचा (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळण्याचा) मुद्दा सर्वांत पुढे होता, कारण तो शेतकऱ्यांचा प्रश्न होता. मुळ्या, साली आणि वेली गोळा करणाऱ्यांचा आवाज तुलनेने क्षीण होता, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तो पुढेही क्षीणच राहिला.

स्वातंत्र्यानंतरच्या काळातील एकच धागा येथे आवश्यक आहे. 1996 च्या केंद्रीय कायद्याने अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून घोषित) क्षेत्रांत गौण वनोपजाची, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या इतर वस्तूंची, मालकी ग्रामसभेकडे असावी असे ठरले. महाराष्ट्राने 1997 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, कंद आणि मुळे यांचा स्पष्ट समावेश केला. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाड आणि भिवंडीतील काही गावेही येतात. कागदावर गुळवेल अशा प्रकारे गावाच्या मालकीची झाली. ठाणे शहराला लागून असलेल्या येऊरच्या डोंगरात मात्र असे काही झाले नाही. तो भाग राष्ट्रीय उद्यानात मोडत असल्याने तेथील वेलीला हात लावणे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत जाते. एकाच जिल्ह्यात एकीकडे हक्क आणि दुसरीकडे गुन्हा, अशी ही स्थिती आजही कायम आहे.

2018 मध्ये वनोपजावर गावपातळीवर प्रक्रिया करून ते विकण्यासाठी केंद्राने वनधन योजना सुरू केली. शहापूर तालुक्यात काही कातकरी तरुणांनी त्याआधीच आसपासच्या बाजारांत गुळवेल विकायला सुरुवात केली होती. योजनेचा आधार मिळाल्यावर त्यांनी वेल गोळा करणे, तुकडे करून वाळवणे आणि भुकटी करणे अशी कामे हाती घेतली. साथ आली तेव्हा त्यांच्याकडे माल होता, माणसे होती आणि मोठ्या औषध कंपन्यांकडून विचारणाही होऊ लागली होती. 2021 मध्ये दीड कोटी रुपयांच्या आसपासची मागणी नोंदल्याची बातमी देशभर पोहोचली. करोनाकाळात ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून आलेल्या मोजक्या चांगल्या बातम्यांपैकी ती एक होती आणि ती खरीही होती. मात्र तिच्यात रुपये आणि टन होते, वेल ओळखण्याच्या कौशल्याचा उल्लेख क्वचितच होता.

मागणी वाढण्यामागे सरकारी सल्ल्याचाही वाटा होता. ऑक्टोबर 2020 मध्ये आयुर्वेद आणि योग यांवर आधारित जो उपचार-आराखडा केंद्राने प्रसिद्ध केला त्यात गुडूची घनवटी (गुळवेलीच्या घट्ट अर्काची गोळी) 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेण्याची शिफारस होती. घरोघर उकळल्या गेलेल्या सरकारी काढ्यात मात्र गुळवेल नव्हतीच. त्यात तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी एवढेच घटक होते. लोकांनी तिची भर स्वतःहून घातली. भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेत, म्हणजे औषधांच्या सरकारी मानकग्रंथात, वाळलेल्या कांडाच्या चूर्णाची मात्रा 3 ते 6 ग्रॅम आणि काढ्यासाठी 20 ते 30 ग्रॅम अशी दिलेली आहे. सोसायटीच्या कुंपणावरची वेल तोडून ओल्या कांड्या रोज उकळणाऱ्या कुटुंबांना हे मोजमाप ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि वैद्याने दिलेली मुदत नसल्याने हे सेवन महिनोन्महिने चालले.

2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. या रुग्णांनी गुळवेल घेतली होती आणि त्यांच्या यकृताला इजा झाली होती. काहींच्या तपासणीत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर हल्ला करत असल्याची लक्षणे दिसली. केंद्राच्या आयुष मंत्रालयाचे उत्तर जुलै 2021 मध्ये आले. लेखकांनी वनस्पतीची ओळख पटवलेली नाही आणि ती गुळवेल नसून तिच्याच कुळातील टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल असू शकते, असा आक्षेप त्यात होता. पुढच्या वर्षी 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा मोठा अभ्यास आला. त्यात सेवन सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत याहून कमी, निम्म्यांत अधिक) सुमारे दीड महिना आढळला, आणि मिळालेल्या नमुन्यांचे रासायनिक विश्लेषणही करण्यात आले होते. मंत्रालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये पुन्हा निवेदन काढून गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगितले.

या सगळ्यात मंत्रालयाच्याच ऑक्टोबर 2021 मधील एका सल्ल्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही आणि वादाचे मूळ समजण्यासाठी तोच सर्वांत उपयोगी आहे. गुळवेल आणि क्रिस्पा यांच्यातील फरक त्यात सामान्य लोकांसाठी मांडलेला होता. गुळवेलीचे कांड हिरवट, त्यावर गाठी नाहीत, दुधासारखा स्राव नाही, फुलाला सहा पाकळ्या आणि फळ गोल. क्रिस्पाचे कांड राखाडी, त्यावर गाठी, स्राव दुधासारखा, पाकळ्या तीन आणि फळ लांबट गोल. तक्ता नीटस होता, पण आयुर्वेदिक औषधसंहितेतील वर्णनाशी तो ताडून पाहिला तर एक अडचण उभी राहते. औषधसंहितेनुसार गुळवेलीचे कोवळे कांड हिरवे आणि गुळगुळीत असते, तर जून, म्हणजे परिपक्व, कांडाचा रंग फिकट तपकिरी होतो आणि त्यावर श्वसनरंध्रांमुळे चामखिळीसारखे उंचवटे येतात. औषधासाठी कांड जूनच घ्यावे असेही तीच संहिता सांगते. म्हणजे लोकांना दिलेल्या खुणेनुसार जी कांडी टाकून द्यायची, तीच औषधात वापरायची, असा विचित्र पेच तयार झाला. क्रिस्पाच्या गाठी अधिक दाट आणि ठळक असतात हे खरे, तथापि दाट किती आणि विरळ किती हे सांगायला दोन्ही वेली हाताळलेला माणूस लागतो, तक्त्याने ते होत नाही.

उरलेल्या खुणांची गतही बरी नाही. गुळवेल फुलते ती साधारणपणे पाने झडलेली असताना, आणि तिची नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात, त्यामुळे फळ प्रत्येक वेलीवर दिसेलच असे नाही. गोणीत भरलेल्या वाळक्या तुकड्यांना ना पान असते ना पाकळी. भुकटी झाली की कांडही उरत नाही. याशिवाय पश्चिम आणि दक्षिण भारतात याच कुळातली, पानांच्या खालच्या बाजूने लव असलेली आणखी एक वेल आढळते आणि ती गुळवेल म्हणून विकली जाते. ती सरकारी तक्त्यात नव्हती. वाद दोनच वेलींपुरता मर्यादित ठेवल्यामुळे तो सुटसुटीत दिसला एवढेच.

या वेलींमधील फरक बाजारात पोहोचण्याच्या आधी, ओल्या अवस्थेत आणि पानासकट ओळखू शकणारी व्यक्ती साखळीत एकच असते, आणि ती म्हणजे तोडणारी. शहापूरच्या रानात वेल कोणत्या झाडावर चढली आहे, कांड किती जून आहे आणि मुळाशी किती राखायचे, हे ठरवणाऱ्या कातकरी बाईचा निर्णय पुढच्या प्रत्येक टप्प्यावर गृहीत धरला जातो. तो कोठेही नोंदला जात नाही. गावातून निघालेला माल एकत्र होतो, वेगवेगळ्या तालुक्यांचा आणि राज्यांचा माल त्यात मिसळतो, आणि कारखान्याच्या दारात तपासणी झाली तरी ती नमुन्यापुरती असते. डॉक्टरांचा अहवाल आणि मंत्रालयाची निवेदने या दोहोंतही संकलकांचा विचार नव्हता. डॉक्टरांचे काम रुग्णापासून सुरू होते, त्यामुळे त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. औषधी वनस्पतींच्या संवर्धनाची जबाबदारी ज्या मंत्रालयाकडे आहे, त्याला ती सवलत देता येत नाही.

नंतरच्या घडामोडींनी हे अंतर वाढवले आहे. वनोपजावर आधारित औषधे बनवणाऱ्या भारतीय कंपन्यांनीही स्थानिक समाजाला लाभाचा वाटा दिला पाहिजे, असा निकाल डिसेंबर 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिला होता. 2023 मध्ये जैवविविधता कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. ग्रंथांत नोंदलेले पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि आयुष पद्धतीच्या चिकित्सकांना तिच्यामुळे या वाट्यापासून सूट मिळाली. गुळवेल ग्रंथांत आहेच. ग्रंथात नोंद नसलेले ज्ञान, म्हणजे वेल ओळखण्याचे आणि राखण्याचे, ज्यांच्याकडे आहे त्यांना या सुटीतून काही मिळत नाही.

औषधाच्या डबीवर आज प्रत्येक घटकाचे वनस्पतिशास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग छापणे नियमानुसार बंधनकारक आहे. वेल कोणत्या तालुक्यातली आणि कोणी तोडली, हे लिहिण्याची सक्ती नाही, आणि जांभळी नाक्यावर कांडीच्या स्वरूपात विकल्या जाणाऱ्या गुळवेलीला तर डबीच नसते. तेथे गिऱ्हाईक विकणारीला विचारू शकते आणि ती वेल कोणत्या झाडावरची हे बहुतेक वेळा सांगते.