पीडीएफ टाकली म्हणजे पुस्तक सगळ्यांना वाचता येतं?

नाही हो, हा गैरसमज फार जुना आहे. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानांचे नुसते फोटो, त्यात अक्षरं नसतातच, त्यामुळे अंध वाचकांना स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या एनव्हीडीएसारख्या सॉफ्टवेअरला, म्हणजे स्क्रीन रीडरला, थेट वाचायला काही सापडतच नाही. मग लोक म्हणतात ओसीआर केलं, म्हणजे सॉफ्टवेअरनं फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवला, की झालं, पण तेवढ्यानं भागत नाही, दोन कॉलम एकमेकांत मिसळतात, तक्ते विस्कटतात, हेडिंगला टॅग, म्हणजे ‘हे शीर्षक आहे’ अशी फाइलमधली खूण, नसली तर हव्या त्या प्रकरणावर थेट जाता येत नाही आणि चित्रांचं वर्णन तर कुणीतरी लिहावंच लागतं. हे तपासायला माणूस हवाच, आणि शक्यतो स्वतः स्क्रीन रीडर वापरणारा. शिवाय ज्यांना माऊस धरता येत नाही त्यांच्यासाठी जिथे ही पुस्तकं ठेवली जातात त्या ऑनलाइन लायब्ररीचं सर्च, लॉगिन सगळं कीबोर्डवर चालायला हवं.