खोली शेजारच्या घरात मिळाली तर...

आमचं घर मालवणजवळच्या देवबागात आहे. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. पाहुण्यांसाठी खोल्या चारच. दिवाळी-नाताळात त्या महिनाभर आधी भरतात. अशा वेळी फोन आला की आम्ही पाहुण्यांना शेजारच्या घरी पाठवतो. पुष्कळांना वाटतं, आपल्याला टाळलं. तसं नाही, म्हणून हे पत्रक.

पूर्वी आम्ही सगळेच एकमेकांचे रेट पाडत होतो. एकाने 2000 ची खोली 1500 ला दिली की दुसरा 1200 वर येई. मग तो तोटा ताटातून भरून निघायचा: सुरमईची तुकडी पातळ, सोलकढीत पाणी जास्त. पाहुणा नाराज होऊन गेला की नाव गावाचं खराब होई. शेवटी आम्ही सात घरं एकत्र बसलो. आता सातही घरांचा दर एकच, आणि चादरी-टॉवेल, गरम पाणी, जेवण यांचा नेमही एकच. पाहुणा शेजारी गेला म्हणून आमचं काही बुडत नाही. उद्या तोच शेजारी आमच्याकडे पाठवतो.

एकदा दोन बुकिंग साइटवरून एकच खोली एकाच रात्री दोन कुटुंबांना गेली. रात्री अकरा वाजता लहान मूल कडेवर घेऊन माणसं दारात उभी! शेजारच्या काकींनी दार उघडलं, चूल पेटवली, पेज केली. तेव्हापासून आम्ही थेट फोनवरच्या बुकिंगचा आग्रह धरतो. फोनवर खोली घेतलीत तर साइटचं कमिशन वाचतं. तेवढी रक्कम तुमच्या बिलातून कमी होते.

आमची खरी अडचण वेगळी आहे. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पण जाहिरातीत दिसतं ते तेच ते: स्कूबा डायव्हिंग, सिंधुदुर्ग किल्ला, खाडी-समुद्राचा संगम. माणसं सकाळी येतात, तिन्ही उरकतात आणि संध्याकाळी गोव्याला निघतात. मालवण बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव त्यांना दिसतच नाही. टोपल्या ओतल्या जातात, बांगड्यांचे वाटे पडतात, बोली चढते. सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मच्छीमारांचं मोठं जाळं, ओढताना दोरीला हात लावायला कुणी अडवत नाही, मात्र आधी विचारा. ते मच्छीमारांचं पोट आहे, खेळ नव्हे. पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी बघायची असतील तर एक दिवस जास्त ठेवा. कुडाळ स्टेशनवरून आणणारे आमचे गाडीवाले वाट थोडी वाकडी करून पिंगुळीला थांबतात.

जून ते ऑगस्ट किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. ‘बघू, सुरू असेल’ असं सांगून आम्ही बुकिंग घेत नाही. पावसाळ्यात समुद्रातली मोठी मासळी मिळत नाही. खाडीतले मासे, कुर्ल्या (खेकडे), फोडशीची रानभाजी, घावणे मात्र मिळतात. हे चालणार असेल तर जरूर या, त्या दिवसांत खोलीचा दरही कमी असतो.

मासे आदल्या संध्याकाळच्या लिलावावर ठरतात, म्हणून ताटाचा भाव आदल्या रात्री सांगतो. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच बोला, भांडी वेगळी ठेवतो. आणि रेल्वेने येणार असाल तर गाडीचं नाव व डब्याचा नंबर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे रात्रीच्या गाडीलाही स्टेशनवर माणूस हजर राहील.