पार्श्वभूमी : पुण्याची याचिका आणि चौदाशे वर्षांचा युक्तिवाद

पुण्यातल्या एका मुस्लिम दांपत्याने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. स्त्रियांना मशिदीत जाऊन नमाज पढू द्यावी, एवढीच मागणी होती. आधार दोन होते. एक राज्यघटनेतला समानतेचा आणि दुसरा धर्मातलाच, कारण कुराणात किंवा पैगंबरांच्या शिकवणुकीत अशी बंदी नाही, असे याचिकेचे म्हणणे होते. जानेवारी २०२० मध्ये अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्र दिले, तेव्हा कडाक्याचा विरोध होईल असा अनेकांचा अंदाज होता. बोर्डाने सांगितले ते वेगळेच : स्त्रियांना मशिदीत येण्याची मुभा आहे, मात्र जमातीने (सर्वांनी एकत्र मिळून) नमाज पढणे त्यांच्यावर बंधनकारक नाही, आणि याविरुद्ध कुणी फतवा दिला असेल तर तो बाजूला ठेवावा.

मुभा आहे, तर मग इतक्या मशिदींत त्यांना जागा का नाही? याचे उत्तर टीव्हीवरच्या अर्ध्या तासात मिळत नाही. त्यासाठी मदिनेपर्यंत मागे जावे लागते.

पैगंबर मुहंमद यांचे एक वचन बुखारी आणि मुस्लिम या नावांच्या दोन्ही मान्यवर हदीससंग्रहांत (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहांत) आहे : अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मशिदींत जाण्यापासून रोखू नका. बुखारीत याला जोडून एक हकीकत येते. दुसरे खलिफा उमर यांची एक पत्नी पहाटेच्या आणि रात्रीच्या नमाजेला मशिदीत जात असे. उमर यांना ते आवडत नसे आणि हे सगळ्यांना ठाऊक होते. कुणीतरी तिला विचारले, त्यांना आवडत नाही हे माहीत असून तू का जातेस? ती म्हणाली, मग ते मला मनाई का करत नाहीत? उत्तर आले, पैगंबरांचे ते वचन आडवे येते म्हणून. खलिफाची नाराजी होती, पण वचनापुढे त्या नाराजीचे काही चालले नाही.

दुसऱ्या बाजूलाही तितकाच वजनदार पुरावा आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा पुढच्या काळात म्हणाल्या, की आज बायका जे करू लागल्या आहेत ते पैगंबरांनी पाहिले असते, तर त्यांनीच त्यांना मशिदीत यायला मनाई केली असती. हेही बुखारीतच आहे. एकाच संग्रहात दोन बाजू, आणि दोन्ही प्रमाण.

इथून विद्वानांचे काम सुरू होते. कुराणातल्या सहा हजारांवर आयतींपैकी थेट कायद्याशी संबंधित आयती साधारण पाचशे धरल्या जातात. बाकीचे आयुष्य त्या पाचशेंत मावत नाही. म्हणून हदीस तपासायची, तिच्या सांगणाऱ्यांची साखळी पाहायची, जाणकारांचे एकमत आहे का ते बघायचे, आणि तेही नसेल तर आधीच्या आज्ञेमागचे कारण शोधून ते नव्या प्रसंगाला लावायचे. ही उतरंड इमाम शाफई यांनी आपल्या ‘रिसाला’ या ग्रंथात पक्की मांडली. ते ८२० मध्ये वारले. त्यांच्या आधी इराकमधल्या कुफ्यात अबू हनीफा (मृत्यू ७६७) आणि मदिनेत मालिक (मृत्यू ७९५) आपापल्या पद्धतीने हेच करत होते, त्यांच्यानंतर बगदादमध्ये अहमद इब्न हनबल (मृत्यू ८५५). चौघांच्या नावाने चार सुन्नी पंथ उभे राहिले. शिया परंपरेची वाट वेगळी, ती जाफर अस्-सादिक यांच्याकडून येते. आपल्याकडे पुण्यात आणि देशावर बहुसंख्य सुन्नी हनफी, तर घाट उतरून कोकणात गेले की मुसलमान शाफई. शुक्रवारच्या नमाजेला निदान किती माणसे हवीत इथपासून या दोघांत फरक आहेत, आणि ते फरक शतकानुशतके शेजारी शेजारी नांदले आहेत.

मशिदीच्या प्रश्नावर हनफींनी काय केले, ते बाराव्या शतकातल्या मरगीनानी यांच्या ‘हिदाया’ या ग्रंथात दिसते. तरुण स्त्रियांनी जमातीला येणे नापसंत, हे आधी येते. म्हाताऱ्या बायकांनी पहाटे, सूर्यास्तानंतर आणि रात्रीच्या नमाजेला यायला हरकत नाही, हे अबू हनीफांचे मत. त्यांच्या दोन्ही प्रमुख शिष्यांच्या मते म्हाताऱ्यांना सगळ्याच नमाजांना येता येते. अबू हनीफांनी तीनच वेळा का सोडल्या, याचे ‘हिदाया’त दिलेले कारण वाचून हसू येते : वाईट चालीचे लोक पहाटे आणि रात्री झोपलेले असतात, आणि सूर्यास्तानंतर जेवणात गुंतलेले असतात! दुपारी आणि तिसऱ्या प्रहरी मात्र ते रस्त्यावर मोकाट. म्हणजे अडचण बाईच्या नमाजेची नव्हती, रस्त्यावरच्या टवाळांची होती. नंतरच्या हनफी पंडितांनी ‘जमाना बिघडला’ म्हणून म्हाताऱ्यांचीही सवलत काढून घेतली.

हा निर्णय वेळ, रस्ता आणि समाज पाहून दिलेला आहे. याच ठिकाणी कायदा आणि नीती यांची सांधेजोड होते. इस्लामी शास्त्रात कृतीच्या फक्त हलाल-हराम अशा दोनच पेट्या नाहीत. बंधनकारक, इष्ट, मुभा असलेली, नापसंत आणि निषिद्ध अशा पायऱ्या आहेत, आणि हनफींनी ‘नापसंत’चेही हलके आणि जड असे भाग पाडले. पुढे गझाली (मृत्यू ११११) यांनी आणखी खोल जाऊन विचारले, की या साऱ्या आज्ञा मुळात कशाच्या रक्षणासाठी आहेत. धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि मालमत्ता, हे त्यांचे उत्तर. अंदलुसियातल्या (मुस्लिम स्पेनमधल्या) शातिबी (मृत्यू १३८८) यांनी त्याचा विस्तार केला. आज सुधारणेच्या बाजूचे लोक या पाच उद्दिष्टांकडे वारंवार वळतात, ते यामुळेच.

राज्यकर्त्यांशी या विद्वानांचे नाते मात्र कधीच सरळ नव्हते. खलिफा मन्सूरला मालिक यांचा ग्रंथ साऱ्या साम्राज्याचा कायदा करायचा होता आणि मालिक यांनीच नकार दिला, अशी कथा सांगितली जाते. ८३३ मध्ये खलिफा मामूनने कुराण निर्मित आहे की अनादी, या वादात सरकारी मत लादायला चौकशी मंडळ बसवले. इब्न हनबल तुरुंगात गेले, त्यांनी फटके खाल्ले, पण मत बदलले नाही. दीडेक दशकानंतर दरबारालाच माघार घ्यावी लागली. अर्थ लावायचा अधिकार सिंहासनाचा नाही, हे त्यानंतर कुणाला नव्याने सांगावे लागले नाही.

दख्खनच्या वाचकाला याचे जवळचे उदाहरण औरंगजेबाच्या दरबारात सापडते. शाहजहान जिवंत असताना मुलाने गादीवर बसणे शरियतीत बसत नव्हते. अब्दुल वहाब नावाच्या विद्वानाने बादशहाला सोयीचा निवाडा दिला आणि ते मुख्य काजी झाले. त्यांच्यानंतर त्या जागी त्यांचे चिरंजीव शेख-उल-इस्लाम आले. विजापूर आणि गोवळकोंडा या मुसलमान सुलतानांवरचे युद्ध धर्मसंमत आहे का, असे बादशहाने त्यांना विचारले. त्यांचा कौल विरुद्ध पडला. ते पद सोडून हजला निघून गेले, आणि स्वाऱ्या काही थांबल्या नाहीत. पुढे याच पदावर पोहोचलेले काजी हैदर एकेकाळी शिवाजी महाराजांकडे फारसी चिटणीस होते, हा या गोष्टीतला आणखी एक धागा. बाप आणि मुलगा, एकच ग्रंथ, एकच गादी. शास्त्राने राजाला लगाम घातला की शिडी दिली, हे बरेचसे समोरच्या माणसावर ठरत आले आहे.

मराठी मुलखात काजीचा वावर मशिदीपुरता नव्हता. निजामशाही-आदिलशाहीच्या काळात पाटीलकीच्या किंवा देशमुखीच्या तंट्यात हाजीर मजलस (न्यायसभा) भरे, तिच्यात देशमुख-देशपांड्यांच्या जोडीला काजीही बसे आणि महजरावर (निवाडापत्रावर) त्याचा शिक्का उमटे. दोन हिंदू भाऊबंदांचे भांडण तो हनफी ग्रंथ उघडून मिटवत नसे, स्थळाचा रिवाज पाहूनच मिटवत असे.

ही लवचीकता आटली ती कंपनी सरकारच्या हातात. वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेत मुसलमानांना कुराणाचा कायदा लावावा असे ठरले. इंग्रज न्यायाधीशाला अरबी येत नव्हते आणि काजी आणि मुफ्ती (धर्मशास्त्राचे मत देणारे) यांच्यावर त्याचा भरवसा नव्हता. तेव्हा त्याला एक पक्के पुस्तक हवे होते. चार्ल्स हॅमिल्टनने वर उल्लेख केलेल्या ‘हिदाया’चा फारसीवरून इंग्रजी अनुवाद केला, तो १७९१ मध्ये चार खंडांत निघाला. अनुवाद सुरू होतो तो जकातीच्या प्रकरणापासून. नमाज, रोजे, हज ही प्रकरणे न्यायालयाच्या कामाची नाहीत म्हणून गाळली. म्हाताऱ्या बायका, तीन नमाजा आणि टवाळ लोक यांची सगळी चर्चा त्या गाळलेल्या भागात राहिली.

माझ्या मते आजच्या गोंधळाचे एक मोठे मूळ इथे आहे. लग्न, तलाक, मेहर, वारसा या विषयांत शेकडो वर्षांच्या मतमतांतरांतून एक मत उचलले गेले आणि निकालांच्या नजिरांनी ते गोठवले. १८६४ मध्ये न्यायालयांतले काजी-मुफ्तीही गेले, त्यामुळे ते वितळवणारेही कुणी राहिले नाही. १९३७ च्या शरियत कायद्याने त्याच विषयांची यादी पक्की केली. उपासनेला मात्र इंग्रजांनी हात लावला नाही. ती मशिदीच्या मुतवल्लीवर (व्यवस्थापकावर) आणि स्थानिक समाजाच्या सवयीवर सोपवली गेली, आणि ‘आपल्याकडे बायका येत नाहीत’ ही सवयच हळूहळू शास्त्र म्हणून खपू लागली.

शास्त्रातूनच वाट काढता येते हेही याच काळात दिसले. हनफी मतानुसार पत्नीला न्यायालयातून सुटका मिळणे जवळपास अशक्य होते. देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी यावर मालिकी मताचा आधार घेऊन १९३१ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याला त्याचा पाया मिळाला. कडवे म्हणून ओळखले जाणारे उलेमा गरज पडली की शेजारच्या पंथाचे दार ठोठावत, ही गोष्ट सुधारक आणि सनातनी दोघेही सोयीस्करपणे विसरतात.

महाराष्ट्रात नंतर दोन वेगळ्या वाटा निघाल्या. माथेरानला जन्मलेले असफ अली असगर फैजी यांनी मुस्लिम कायद्यावरचा प्रमाणग्रंथ लिहिला, आणि धर्मश्रद्धा व कायदा वेगळे करून पाहा असे आतून सांगितले. हमीद दलवाईंनी धर्मग्रंथाच्या अर्थावर वेळ घालवण्याऐवजी नागरिक म्हणून हक्क मागितले. त्यांनी १९६६ मध्ये मुंबईत सात स्त्रियांचा मोर्चा नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. तिकडे औरंगाबादेत १९०३ मध्ये जन्मलेल्या मौलाना मौदूदींनी अगदी उलट टोक गाठले आणि सार्वभौमत्व फक्त ईश्वराचे, या सूत्रावर राज्यशास्त्र उभारले. गंमत अशी, की मौदूदींच्या विचारातून आलेल्या जमाअते इस्लामीच्या मशिदींत स्त्रियांसाठी जागा ठेवण्याची रीत आहे. राजकारणात कठोर म्हणजे प्रत्येक बाबतीत बंद, असा सोपा हिशेब इथे लागत नाही.

पुण्याच्या याचिकेने फैजींची आणि दलवाईंची अशा दोन्ही वाटा एकत्र आणल्या आहेत. न्यायालयाची मोजपट्टी मात्र तिसरीच आहे : एखादी प्रथा धर्माचा ‘अत्यावश्यक भाग’ आहे का? १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून चालत आलेली ही कसोटी मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी हाजी अली दर्ग्याच्या प्रकरणात लावली आणि स्त्रियांना मजारीपर्यंत (कबरीपर्यंत) जाण्याचा मार्ग खुला केला. फिकहच्या (इस्लामी धर्मशास्त्राच्या) पाच पायऱ्या आणि न्यायालयाचे हो-नाही यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न नोव्हेंबर २०१९ मध्ये शबरीमलाच्या फेरविचाराच्या निमित्ताने मोठ्या घटनापीठाच्या प्रश्नांना जोडला गेला.

२०२३ मध्ये बोर्डाने पुन्हा प्रतिज्ञापत्र दिले. मुभा कायम ठेवली, स्त्री-पुरुषांनी एका रांगेत मिसळून उभे राहण्याला मात्र विरोध नोंदवला. बोर्डाचे मत सल्ल्यापुरते आहे, प्रत्येक मशिदीचा कारभार तिच्या व्यवस्थापनाकडेच राहतो. त्या व्यवस्थापनांना बोर्डाचे आवाहन एवढेच आहे, की नवी मशीद बांधताना स्त्रियांच्या जागेचा विचार आराखड्यातच करावा.